बार्शी लाईटचा रंग कोणता? छोट्या प्रतिकृती, एअरब्रश आणि सोलापूरची धूळ

१/
सोलापूर जिल्ह्यातून शंभराहून अधिक वर्षे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक गाडी धावत होती. तिचे नाव बार्शी लाईट रेल्वे. ते अरुंद रूळ आता उरलेले नाहीत. या गाडीचा एखादा डबा बोटभर आकारात घडवून रंगवायला कोणी बसला, तर मापांचा प्रश्न गणिताने सुटतो. रंगाचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते. हा धागा त्या रंगाचा शोध कसा घ्यावा याविषयी आहे.

२/
महाराष्ट्रात स्केल मॉडेलिंग हा परदेशी छंद मानला जातो. पण दिवाळीत दगडविटा रचून, त्यांवर गोणपाट टाकून, चिखल लिंपून किल्ला करणारे प्रत्येक मूल प्रतिकृतीच घडवत असते. बुरूज, तट, तळे, हळीव पेरून उगवलेले रान आणि बाजारातून आणलेली मातीची चित्रे ही त्या प्रतिकृतीची सामग्री. पुढे अभ्यास, नोकरी, शहर बदलणे यांत हा खेळ सुटतो. विशी-पंचविशीत कोणी एखादा किट विकत घेतो, तेव्हा त्याला वाटते की आपण पहिल्यांदाच हे करत आहोत. खरे तर तो परतलेला असतो.

३/
दिवाळीच्या किल्ल्याला एकच प्रमाण नसते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिवाजी महाराजांची मूर्ती महादरवाज्याहून उंच असते. पायथ्याच्या शेतकऱ्याची बैलजोडी बुरुजाला भिडते. इथे आकार ठरतो तो महत्त्वावरून. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत बोधिसत्त्व भोवतालच्या माणसांहून मोठा दिसतो, त्यामागेही हाच विचार आहे. ही चूक नव्हे, ती प्रमाणाची जुनी आणि वेगळी समजूत आहे.

४/
आधुनिक मॉडेलिंगने ही समजूत मोडली. तेथे राजा आणि मजूर एकाच आकड्याने लहान होतात. विमानांसाठी रूढ झालेले १:७२ हे प्रमाण म्हणजे सहा फुटांना एक इंच. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे आणि आपले विमान आकाराने ओळखता यावे म्हणून याच प्रमाणात लाकडी नमुने करवून घेतले गेले. अमेरिकेत १९४२ साली ते काम शाळकरी मुलांवर सोपवले होते आणि उद्दिष्ट होते पाच लाख नमुन्यांचे. छंदाच्या या आकड्यामागे युद्धाची निकड आहे.

५/
प्लास्टिकचे किट त्याआधीच आले होते. ब्रिटनमधील 'फ्रॉग' कंपनीने १९३६ साली 'पेंग्विन' मालिका बाजारात आणली. युद्धानंतर 'एअरफिक्स'ने स्वस्त किट घरोघरी नेले आणि जपानमध्ये शिझुओका येथील 'तामिया' ही लाकूड कापणारी कंपनी हळूहळू मॉडेलांकडे वळली. पेटीत काय मिळते यावरून कोणत्या देशाचा इतिहास लोकांच्या हाती पोहोचतो हेही ठरले. स्पिटफायर सर्वत्र मिळते, कुर्डुवाडीची गाडी मात्र स्वतः घडवावी लागते.

६/
आता त्या गाडीकडे वळू. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीनिमित्त भारतात आला. मुख्य मार्ग बार्शीच्या बाजारपेठेला बाजूला ठेवून जात होता. तेथपर्यंत कमी खर्चाचा अरुंद मार्ग नेता येईल हे त्याने हेरले. १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला.

७/
कॅल्थ्रॉपचे वैशिष्ट्य होते हिशेबात. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार नको, म्हणजे हलक्या रुळांवरही जड वाहतूक चालेल, असा त्याचा आग्रह होता. इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीकडून आली. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. कापूस, धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी यांनी ही छोटी गाडी भरून जात असे.

८/
या मार्गाशी सोलापूरचे आणखी एक नाव जोडलेले आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी ठेकेदारीत पाऊल टाकले, तेव्हा सुरुवातीच्या कामांत बार्शी लाईटचेही काम होते. पुढे बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट (१९४०), विशाखापट्टणमची जहाजगोदी (१९४१) आणि मुंबईची प्रीमिअर ऑटोमोबाईल्स (१९४४) त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिल्या. रेल्वे, विमान, जहाज, मोटार : मॉडेल करणाऱ्यांचे चारही आवडते विषय एका सोलापूरकराच्या चरित्रात सापडतात.

९/
बार्शी लाईट प्रतिकृतीसाठी सोयीची का, ते मापांतून दिसते. ब्रिटिश रेल्वे मॉडेलिंगमध्ये एका फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण रूढ आहे, म्हणजे सुमारे १:७६. बार्शीचे मालडबे २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद सांगाड्यावर बांधलेले होते. या प्रमाणात तो सांगाडा बरोबर १०० मिलिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर रुंद होतो. साडेपाच फुटी गार्ड २२ मिलिमीटरचा. पुठ्ठा, प्लास्टिकचा पातळ पत्रा, पट्टी आणि धारदार पाते एवढ्यावर पहिला डबा उभा राहतो.

१०/
अडचण येते ती रुळांपाशी. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. या प्रमाणात रुळांमधील अंतर १० मिलिमीटर यायला हवे. बाजारात सहज मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. बहुतेक जण तोच वापरतात. एका मिलिमीटरची ही तडजोड प्रत्यक्षात तीन इंचांची होते. तडजोड करण्यात वावगे काही नाही. ती किती आहे हे ठाऊक असणे आणि सोबतच्या चिठ्ठीवर लिहिणे एवढेच अपेक्षित आहे.

११/
येथवर गणित होते. आता रंग. रंगकामातले एअरब्रश हे साधन बार्शी लाईटचेच समकालीन आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या ॲब्नर पीलर याने १८७० च्या दशकाच्या अखेरीस हवेच्या झोताने रंग उडवणारे पहिले यंत्र केले. लिबर्टी वॉकअपने त्याचे हक्क घेऊन ते सुधारले. १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिकने आजच्या पेनासारख्या एअरब्रशचे रूप सिद्ध केले आणि पुढे इंग्लंडमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले.

१२/
त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे छायाचित्रांचे स्टुडिओ. मोठ्या केलेल्या छायाचित्रात फिकट पडलेला गाल, अस्पष्ट पदर, नकोशी पार्श्वभूमी हे सारे या फवाऱ्याने सुधारता येई. ब्रशच्या फटकाऱ्याची खूण उरत नसल्याने केलेला बदल डोळ्यांना जाणवत नसे. या साधनाचे बळ आणि त्याचा धोका दोन्ही त्यातच आहेत.

१३/
स्टालिनच्या काळातील सोव्हिएत संघात हा धोका उघडा झाला. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव एका प्रसिद्ध छायाचित्रात दिसतो. १९४० मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. नंतरच्या प्रतीत त्याच्या जागी केवळ पाणी आणि कठडा आहे. छायाचित्र सुधारण्याच्या ज्या कलेत एअरब्रश हे नित्याचे हत्यार होते, तिनेच एक माणूस पुसून टाकला. गुळगुळीत पृष्ठभागावर विश्वास ठेवू नये, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथून घ्यावा.

१४/
महाराष्ट्रात हे साधन सर्वांना परिचित आहे, फक्त त्याचे नाव वेगळे आहे. गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्रेसर घरघरत असतो आणि कारागीर 'गन'ने मूर्तीच्या अंगाला रंग मारत असतो. गालांवरची लाली, सोंडेच्या वळ्यांतली सावली, पितांबराच्या चुण्या या गोष्टी गनने येतात. डोळ्यांची आखणी मात्र हाताने, बारीक ब्रशनेच होते. फवारा कोठे थांबवायचा आणि हात कोठे चालवायचा हे त्या कारागिराला नेमके ठाऊक असते. नवशिक्याला या कारखान्यात तासभर उभे राहूनही पुष्कळ शिकता येते.

१५/
यंत्राची रचना साधी आहे. नोझलच्या तोंडात एक सुई बसते. सुई मागे सरकली की रंगाला वाट मिळते आणि वेगाने जाणारी हवा तो रंग सूक्ष्म थेंबांत फोडून नेते. दुहेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. नवशिक्याच्या बहुतेक चुका याच क्रमाच्या असतात. हवा आधी सुरू करावी, रंग नंतर सोडावा. थांबताना आधी रंग बंद करावा, मग हवा. क्रम उलटला की नोझलवर साठलेला थेंब पुढच्या वेळी कामावर जाऊन पडतो.

१६/
रंग साधारण दुधाइतका पातळ असावा. ॲक्रिलिक रंगासाठी १५ ते २० पीएसआय दाब आणि ०.३ ते ०.५ मिलिमीटरचे नोझल नवशिक्याला पुरते. आधी प्रायमर, मग रंगाचे तीन-चार पातळ थर. एका जाड थरात डब्यावरील रिव्हेटांच्या ओळी बुजून जातात. लहान प्रमाणात ते रिव्हेट म्हणजेच डब्याची ओळख असते, ते बुजले की लोखंडी डबा साबणाच्या वडीसारखा दिसतो.

१७/
येथे सोलापूरची हवा आडवी येते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि हवा कोरडी असते. ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच सुकतो आणि फवाऱ्याऐवजी ठिपके पडू लागतात. थंड, दमट देशांत लिहिलेल्या पुस्तिकांतले मिश्रण येथे जसेच्या तसे चालत नाही. रंग थोडा अधिक पातळ करणे, रिटार्डरचा एखादा थेंब घालणे, ओल्या ब्रशने सुईचे टोक पुसत राहणे आणि काम पहाटे करणे हे उपाय आहेत. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. हवेच्या नळीत पाणी साठते, म्हणून ओलावा अडवणारा सापळा लागतो.

१८/
सुरक्षेचे एक सांगणे. पाण्यावर आधारित रंगाचे कणही फुफ्फुसात जातात, म्हणून मास्क हवाच. थिनरवर चालणाऱ्या रंगांची वाफ साध्या धूळ-मास्कने अडत नाही, त्यासाठी वाफ शोषणारे काडतूस असलेला मास्क लागतो. खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा असावा. जवळ देवघरातले निरांजन किंवा स्वयंपाकाचा गॅस पेटता नसावा.

१९/
तंत्र हाती आले की मूळ प्रश्न समोर येतो. बार्शी लाईटच्या डब्याला कोणता रंग द्यायचा? पहिला मोह जुन्या छायाचित्राकडे पाहण्याचा होतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत प्रचलित असलेल्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल वस्तू काळी उमटे, निळी वस्तू पांढुरकी. म्हणजे गर्द तांबडे इंजिन आणि काळे इंजिन त्या छायाचित्रात सारखेच दिसेल. करडी छटा पाहून रंग सांगणारा माणूस पुराव्याच्या पलीकडे बोलत असतो.

२०/
दुसरा सापळा अधिक फसवा आहे. ब्रिटिश इंजिन कारखान्यांत नवे यंत्र बाहेर पडताना अधिकृत छायाचित्र घेण्याची प्रथा होती. त्यासाठी इंजिनाला पुष्कळदा मुद्दाम करडा रंग दिला जाई, कारण त्यावर रिव्हेट, कडा, सावल्या स्वच्छ उमटत. छायाचित्र झाले की खरा रंग. त्यामुळे सर्वात स्पष्ट, सर्वात सुबक छायाचित्रच रंगाच्या बाबतीत सर्वात खोटे असू शकते. पुरावा कशासाठी निर्माण झाला हे विचारल्याशिवाय तो वापरू नये, हा नियम येथे अक्षरशः डोळ्यांसमोर येतो.

२१/
मग उरते काय? कंपनीचे आणि कारखान्याचे करार व खरेदीची कागदपत्रे, प्रवाशांची वर्णने आणि शिल्लक राहिलेले लोखंड. जुन्या यंत्रावरच्या रंगाचा छोटासा भाग बारीक कागदाने हळूहळू घासला की एकाखाली एक थर झाडाच्या खोडातील वलयांसारखे उघडे पडतात. सर्वात खालचा थर प्रायमरचा, त्यावरचा पहिल्या मालकाचा. जतनकार हीच पद्धत वापरतात. रंगाला कालक्रम असतो. म्हणून 'डब्याचा रंग कोणता' हा प्रश्न अपुरा आहे, 'कोणत्या वर्षी' हे शब्द त्यात यायला हवेत.

२२/
वर्ष किती निर्णायक असते, हे विमानांवरच्या चिन्हांत स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला भारतीय हवाई दलाच्या विमानांवर ब्रिटिशांसारखे निळे-पांढरे-लाल वर्तुळ होते. जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलाच तोफची आपल्याच विमानावर गोळी झाडेल, म्हणून या आघाडीवर मधला लाल ठिपका काढला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले आणि मग आजचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ. १९४४ मध्ये ब्रह्मदेशावर लढलेल्या व्हेंजन्स विमानाच्या प्रतिकृतीवर लाल ठिपका देणे, ही केवळ ब्रशची चूक राहत नाही. ज्या भीतीमुळे तो पुसला गेला, ती भीतीच त्यातून नाहीशी होते.

२३/
रंगात काळ असतो तसा प्रदेशही असतो. याचे उत्तम उदाहरण पुन्हा कॅल्थ्रॉपच देतो. बार्शीच्या यशानंतर इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटी मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला. अभियंता तोच, इंजिने किटसनचीच. त्या इंग्रजी दरीतल्या इंजिनांवर वसाहतींत शोभावा असा प्रचंड दिवा बसवला होता. डबे फिकट पिवळे. हा मार्ग १९३४ मध्ये बंद पडला, पण ब्रिटनमधील अरुंद रुळांच्या मॉडेलकारांचा तो आजही लाडका विषय आहे.

२४/
म्हणजे परदेशी प्रदर्शनांतल्या त्या देखण्या गाडीचे मूळ सोलापूर जिल्ह्यात आहे. थोरली बहीण बार्शीची, धाकटी मॅनिफोल्डची. नावाजली गेली ती धाकटी. याचे कारण थोरलीचे कर्तृत्व कमी होते असे नाही. मॅनिफोल्डचा मार्ग जेमतेम आठ मैलांचा आणि तीस वर्षांचा होता, बार्शीचा दोनशे मैलांचा आणि शतकाहून अधिक काळाचा. फरक एवढाच की धाकटीची मापे घेणारे, रंग टिपणारे, प्रतिकृती घडवणारे लोक तिला भेटले.

२५/
या दोन बहिणींना रंगवताना शेवटचा थर वेगळा लागतो. मॅनिफोल्डच्या दरीत पाऊस, शेवाळ आणि ओला चिखल. इंग्रजी पुस्तिकांतील गंज आणि हिरवट डाग तेथे शोभतात. बार्शी-कुर्डुवाडीचा पट्टा कोरडा आणि काळ्या मातीचा. येथील धूळ कोकणातल्या जांभ्यासारखी तांबडी नसते, ती करडी-तपकिरी असते. डब्याचे छप्पर उन्हाने फिकटलेले, चाकांजवळ आणि खालच्या कडेला धुळीची साय, दाराशी हातांनी घासून आलेली झळाळी. पंढरपूरच्या गाडीला ती झळाळी अधिक द्यावी. त्या दारांना लाखो हात लागले आहेत.

२६/
ही धूळ देण्यासाठी एअरब्रश अत्यंत योग्य आहे. रंग फार पातळ करून, दाब कमी ठेवून, खालून वर हलका फवारा. लहान प्रमाणात रंग मूळ छटेपेक्षा किंचित फिकट ठेवावा लागतो, कारण हातभरावरची प्रतिकृती आपण शंभर-दीडशे फुटांवरच्या गाडीसारखी पाहत असतो आणि अंतराबरोबर हवा रंग फिकट करते. ज्या साधनाने एकेकाळी माणूस पुसला गेला, त्याच साधनाने येथे माणसांच्या वापराच्या खुणा परत आणता येतात.

२७/
बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. प्रवाशांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. बैलगाडीशी स्पर्धा करणाऱ्या वेगाचे गोडवे रोज प्रवास न करणाऱ्यांनीच गावेत. पण त्या गाडीने प्रवास केलेली माणसे आज कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज येथील घराघरांत आहेत आणि डब्यांचा रंग त्यांच्या डोळ्यांत आहे.

२८/
ती स्मृती टिपताना पथ्य एकच. १९८५ चा डबा आठवणारी आजी १९०६ च्या डब्याची साक्षीदार नसते. तिचे सांगणे तिच्या वर्षासह लिहावे. आसने कोणत्या रंगाची, दाराची कडी कशी, बाहेरचा पट्टा कोठे, हे एकेक विचारावे. दोन माणसांनी दोन रंग सांगितले तर दोन्ही लिहावेत. दोघे वेगवेगळ्या काळी बसले असतील.

२९/
दिवाळीचा किल्ला सोडून बराच काळ लोटलेल्या आणि आता पुन्हा रंगाकडे वळणाऱ्या सोलापूरकराने आपला पहिला विषय म्हणून बार्शीचा एक साधा मालडबा घ्यावा. १०० मिलिमीटर लांब, २८ मिलिमीटर रुंद. रेषा सरळ आहेत, चुकले तर नवा पत्रा कापता येतो. डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी : कोणते वर्ष दाखवले, रंग कशावरून ठरवला, तडजोड कोठे केली. पुढच्या माणसाला त्या डब्यातली चूक शोधता यावी आणि दुरुस्त करता यावी, यासाठी ती चिठ्ठी असते.